थांबा बंद झाला त्या वर्षीचं मीठ

परीक्षा जवळ आली की मला मिठागर आठवतं. मी आता परळला मामाच्या खोलीत राहतो. खिडकीतून समोरच्या चाळीचा कठडा दिसतो, त्यावर वाळत घातलेले कपडे दिसतात, आणि त्यापलीकडे गिरणीचं धुराडं. मीठ इथे असतं ते फक्त मामीच्या बरणीत. तरी दुपार चढली, पुस्तकाचं पान उन्हात पांढरं झालं आणि अक्षरं डोळ्यांना खुपू लागली, की माझं मन खाडीच्या बांधावर जाऊन उभं राहतं. तिथे फाल्गुनात असाच पांढरा उजेड असतो. वाफ्यांतलं पाणी आटत जातं, कडेला आधी साय धरल्यासारखं मीठ दिसू लागतं, मग माणसं लाकडी फळ्यांनी ते ओढतात. तो फळीचा खरखर आवाज वाऱ्याबरोबर आमच्या पडवीपर्यंत यायचा. माझे वडील त्या माणसांत असत. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या पायांच्या भेगांत मीठ चमकायचं.

ज्या वर्षाबद्दल लिहायचं आहे, त्या वर्षी मीठ फार चांगलं पिकलं होतं. सगळे तसं म्हणत. मला मात्र ते वर्ष आठवतं ते आमच्या थांब्यामुळे.

आमचं गाव तळोज्याच्या खाडीकाठचं. दिव्याहून पनवेलला जाणारी रेल्वे झाली, तेव्हा गावाबाहेर एक थांबा मिळाला. थांबा म्हणजे मुरुमाचा ओटा, त्यावर पत्र्याची एक शेड, एक बाक आणि गावाच्या नावाची पाटी. गावाचं नाव असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आम्ही त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारी माणसं वाचता येत नसूनही पाटीसमोर उभी राहत आणि म्हणत, "आपलाच नाव हाय ना नीट?"

गाडी आल्यावर दोन गोष्टी झाल्या. माझी आई डोंबिवलीच्या बाजारात वेळेवर पोचू लागली, आणि मला कॉलेजात जाता आलं. आमच्या घरातच काय, आमच्या आळीतही त्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं.

सकाळच्या गाडीला आम्ही दोघं बरोबर निघत असू. आईच्या डोक्यावर मासळीची पाटी, माझ्या हातात वह्या. पाटी उतरवायला मी हात पुढे केला की ती ओरडायची, "हात लावू नको बाला. वास लागंल. तुला कालेजात बसायचाय." मग दुसरी कुणी बाई पाटीला हात द्यायची, आणि मी माझे कोरडे हात घेऊन नुसता उभा राहायचो. दिव्याला आमच्या वाटा फुटत. ती डोंबिवलीकडे, मी मुंबईकडे. मधे रूळ असत. पलीकडच्या फलाटावरून ती माझ्याकडे पाहायची, पण हाक मारायची नाही, हातही करायची नाही. माझ्याबरोबर कॉलेजातलं कुणी असेल, असं तिला वाटत असावं. कुणीच नसायचं.

डोंबिवलीच्या बाजारात आईची एक जागा होती. भिंतीलगत, दोन बायकांच्या मधे, एका पाटीपुरती आणि एका माणसापुरती. ती जागा आधी माझ्या आजीची होती. आजी थकल्यावर एक दिवस तिनं आईला बरोबर नेलं, शेजारच्या बायकांना सांगितलं, "आता ही बसंल," आणि जागा आईची झाली. बाजारात लिहिलेलं काही नसतं. जी रोज येते तिची ती जागा. बाजार भरेपर्यंत जी आली नाही तिच्या जागेवर त्या दिवशी दुसरी बसते, आणि असं वरचेवर झालं की कायमची तीच बसते. त्यावरून भांडण करता येत नाही. आई म्हणायची, "माहेर, सासर आनि बाजारातली जागा. बाईला तीनच ठिकाना."

दिवाळीनंतर नवं वेळापत्रक आलं आणि त्यात आमच्या गावाचं नाव नव्हतं. तिकिटं फार कमी खपतात, असं कारण कळलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. आमच्याकडचं जाणं-येणं खाडीच्या पाण्यावर चालतं. उधाणाच्या दिवसांत जाळी भरतात, तेव्हा बायकांनी ओटा भरून जायचा. भांगाच्या दिवसांत पाणी सुस्त असतं, मासळी मिळत नाही, मग बाजारात जाऊन करायचं काय? तेव्हा बाजारातल्या जागाही रिकाम्या असत आणि ओट्यावर मी एकटा असे. कुणी मोजणी केली असेल तर ती भांगाच्या दिवसांत झाली असेल. गाडी मात्र उधाण-भांग पाहत नाही.

गाडी तशीच यायची, फक्त थांबायची नाही. पहिले काही दिवस बायका पाट्या घेऊन ओट्यावर उभ्या राहिल्या. ड्रायव्हर ओळखीचा, तो थांबेल, असं त्यांना वाटायचं. तो हात करायचा आणि पुढे जायचा. मग बायका बांधावरून पुढच्या स्टेशनापर्यंत चालू लागल्या. डोक्यावर ओझं घेऊन ती तासाभराची वाट होते, आणि तिथून मिळते ती उशिराची गाडी. मी मामाकडे राहायला गेलो. घर सुटलं ते असं, कुणी ठरवून नाही.

अभ्यासाच्या रजेत घरी आलो, तेव्हा फाल्गुन लागला होता. पाहतो तर ओट्यावर सुकट वाळत घातलेली. मुरूम दिवसभर तापतो, वारा मोकळा, मग जागा वाया का घालवायची, असा विचार बायकांनी केला होता. मी बाकावर बसून वाचायचो. चारी बाजूंना सुकट, वर घारी, समोर मिठाचे ढीग. गाडी आली की तिच्या वाऱ्यानं सुकट उडायची आणि माझी पानंही. गाडीतली माणसं खिडकीतून त्या दृश्याकडे पाहायची. मला लाज वाटायची, की कसली तरी आशा वाटायची, ते मला अजून नीट सांगता येत नाही. ओट्यावर माणूस बसलेला दिसला तर कुणाला तरी वाटेल, इथे थांबायला हवं, असं काहीसं.

थांबा परत मिळवण्याची खटपट हिराजीनाना करत होते. नाना मिठागरावर मुकादम. अंगानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. ते आमचे नात्यानं कुणी नव्हते, पण गावात कुणाचंही काम अडलं की ते स्वतःच्या घरातलं समजून करायचे. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. नाना म्हणाले, "कालेजवाल्या, असा लिव का साहेब रडला पायजे."

मला रडवणारं लिहिता येत नव्हतं. मी लिहिलं, 'नम्र विनंती की'. आई शेजारी बसून जाळं सांधत होती. ती म्हणाली, "त्यात लिव, मच्छी थांबत नाय. मानूस थांबंल, मच्छी थांबत नाय." मी ते लिहिलं नाही. अर्जात शोभणार नाही असं वाटलं. मग मी 'नाशवंत माल' असा शब्द लिहिला आणि तिला वाचून दाखवला. तिनं मान हलवली. "शहान्यासारखा वाटतो," म्हणाली.

आम्ही आसपासच्या पाड्यांवरून अंगठे आणले, तो अर्ज नीट पोचता केला, आणि एक दिवस उत्तर आलं. एक साहेब प्रत्यक्ष पाहणीला येणार. सकाळच्या गाडीनं येतील, गाडी त्या दिवशी आमच्याकडे थांबेल, इथून किती माणसं आणि किती माल जातो ते साहेब स्वतः पाहतील.

गावदेवीच्या देवळात बैठक भरली. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब आपला पाव्हना. गाडी आपल्या दारात थांबवून येतोय. असा पाव्हना कवा आलाय का गावात?" कुणी म्हणालं, मग त्या दिवशी पाळणूक करू. आमच्याकडे गावदेवीची पाळणूक असते. त्या दिवशी कुणी होडी लोटत नाही, मिठागरावर जात नाही, बाजार करत नाही. सगळं गाव घरी राहतं आणि देवीचं करतं. साहेबासाठी तशीच पाळणूक करायचं ठरलं. कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. मलाही नाही. एवढा मान आणखी कसा द्यायचा, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं.

बायकांनी आपलं वेगळं ठरवलं. "ओट्यावरली सुकट उचला गं. साहेबाच्या नाकाला वास नको." दोन दिवस आधीच ओटा झाडून काढला, वर पाणी शिंपडलं. मासळीच्या पाट्या राखेनं घासल्या आणि घरांच्या मागे, दिसणार नाहीत अशा, पालथ्या घातल्या. आईनं आमच्या पाटीवर एक फाटकं जाळंही टाकलं. वाटेवर शेणसडा झाला. रांगोळी कुठून आणायची, तर मिठागरावरचं बारीक पांढरं मीठ होतंच. पोरींनी ओट्यापासून देवळापर्यंत मिठाची रांगोळी काढली. सकाळच्या उन्हात ती चमकली, तेव्हा म्हातारी माणसंही पाहत राहिली. आमचं गाव इतकं सुंदर मी पुन्हा पाहिलं नाही.

गाडी आली. थांबली. एवढ्या महिन्यांनी ब्रेकचा तो आवाज आला, आणि नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. ढोल-सनई सुरू झाली. साहेब उतरले. ते वयस्क होते, बोलायला मऊ. नानांनी हार घातला, शहाळं दिलं. साहेब थोडे गोंधळले, हसले, आणि त्यांनी सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली. बायका हिरव्या-लाल लुगड्यांत, अंगावर होतं नव्हतं ते सोनं, केसांत अबोली. पुरुष धुतलेल्या सदऱ्यांत. सगळं गाव उभं.

"छान," साहेब म्हणाले. "यातले रोज या गाडीनं कोण कोण जात होतं?"

"सगलीच जात व्हती साहेब!" चारी बाजूंनी आवाज आले.

"आणि आज कोण जाणार आहे?"

गाडी उभी होती. दार उघडं होतं.

"आज कोन जाईल साहेब?" नाना हसून म्हणाले. "आज तुम्ही आलाव ना!"

सगळे हसले. साहेबही हसले, पण थोडं थांबून. गार्डनं खाली वाकून विचारलं, "चढणार का कोणी?" एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली, "नाय रं बाबा, आज आमची पाळनूक हाय. तू पन उतर, जेवून जा." गार्डनं हिरवं निशाण दाखवलं. गाडी रिकाम्या दारानं निघून गेली, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

साहेबांना देवळात जेवायला बसवलं. जिताड्याचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या. त्यांनी आवडीनं खाल्लं. मधेच त्यांनी विचारलं, "मासळीचा माल कुठे असतो?" आई वाढत होती. तिनं मान खाली घालून सांगितलं, "आज नाय साहेब. आज सगला स्वच्छ केलाय." ती हे अभिमानानं म्हणाली. आमच्या अंगाला, आमच्या दाराला आज कसलाही वास नाही, हे तिला त्यांना सांगायचं होतं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. काही बोलावं की नाही, असं त्यांच्या मनात आलं असेल का? मी कितीदा तो चेहरा आठवून पाहिला आहे. पण जे पाहायला ते आले होते तेवढंच त्यांनी पाहिलं, आणि ते खोटं लिहिणारे नव्हते.

चैत्रात उत्तर आलं. मी देवळाच्या पायरीवर बसून ते वाचून दाखवलं. पाहणीच्या दिवशी एकही प्रवासी गाडीत चढला नाही, मालही आढळला नाही, सबब थांबा पुन्हा सुरू करता येत नाही.

बराच वेळ कुणाला अर्थ लागला नाही. नाना म्हणाले, "पुन्ना वाच." मी पुन्हा वाचलं.

"मानसा नाय दिसली त्याला?" नाना म्हणाले. "सगला गाव हुबा व्हता की रं!"

मी समजावून सांगायला लागलो. साहेब माणसं मोजायला नव्हते आले, जाणारी माणसं मोजायला आले होते. आपण कुणी गेलो नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे मलाही आत्ता कळतंय. नानांचा आवाज एकदम खाली आला. "मंजे त्याच्यासाठी घरी रायलो, त्याच पायी गाडी गेली?" त्यांनी कुणाला दोष दिला नाही. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या घडीवरून बोट फिरवत बसले.

आम्ही पुन्हा अर्ज केला. खरं काय ते लिहिलं. पाळणूक म्हणजे काय हे कागदावर लिहिणं फार अवघड होतं. 'स्थानिक सुट्टी' लिहिलं तर ती आळशी माणसांची वाटते, आणि 'आपल्या सन्मानार्थ' लिहिलं तर लाचारीसारखं वाटतं. या वेळी मी आईचं वाक्यही घातलं, मच्छी थांबत नाही हे. उत्तर आलं नाही. नाना आणि मी मुंबईच्या कचेरीत जाऊन आलो. नानांनी भेट म्हणून सुक्या बोंबलांची एक जुडी कागदात बांधून आणली होती. कुणाला द्यायची ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका कारकुनानं सभ्यपणे सांगितलं की पाहणी झालेली आहे, प्रकरण मिटलं आहे. येताना ती जुडी नानांच्या मांडीवर होती, आणि डब्यातले लोक नाकाला रुमाल लावत होते. नाना मला हळूच म्हणाले, "आपला वास आपल्याला येत नाय, नाय का रं?"

परीक्षा देऊन मी वैशाखात घरी आलो. आई बांधावरून चालतच होती. पहाटे निघायची, तरी पोचायला उशीर व्हायचा. एवढं चालून तिचे गुडघे धरत. मी म्हणालो, "आये, थोडे दिवस नको जाऊ." ती म्हणाली, "नाय गेली तर जागा जाईल." गाडी परत थांबेल, हे ती तेव्हाही धरून होती. "एकदा थांबाय लागली का बघ," असं ती दर दोन वाक्यांनी म्हणायची.

मग एक दिवस ती भर दुपारी परत आली. उन्हानं चेहरा काळवंडलेला, आणि पाटी भरलेली. मासे तसेच्या तसे. मी पडवीत होतो. मी हात पुढे केला, आणि त्या दिवशी तिनं मला पाटीला हात लावू दिला.

"काय झालं?"

"जागंवर दुसरी बसली."

"मग तू उठवली नाहीस?"

"कशी उठवू? चार-आठ दिवस मी पोचंपर्यंत तीच बसते. शेजारच्या बाया पन काय बोलतील? बिचारी नवऱ्याला सोडून आलीय, पदरात पोर हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "उभ्या उभ्या इकायला गेली, पन रोजची गिऱ्हाईका जागंवर येतात. मना कोन बघतो?"

आमच्या गावात मासळी विकत कोण घेणार? दारोदार तर तीच. उन्हात मासे बिघडायला लागले होते. आईनं चूल पेटवली. सगळे मासे साफ केले, मोठं भांडं शेजारून आणलं, आणि रस्सा केला. संध्याकाळी आळीतल्या प्रत्येक घरात एक एक वाटी पोचली. बाजारासाठी राखलेलं जिताडं आमच्याकडे एरवी घरात खात नाहीत, ते सणाला. त्या दिवशी सण नव्हता. माणसं आपापल्या ओटीवर बसून जेवली. जागा गेली हे सगळ्यांना कळलं होतं. हिराजीनाना वाटी परत करायला आले आणि दारातच उभे राहिले. "वयनी, मीठ जरा कमी झाला," म्हणाले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं म्हणून. आई म्हणाली, "तुमीच आनून द्या आता." दोघांनी हसल्यासारखं केलं.

त्यानंतर आई बाजारात गेली नाही. ती सुकट वाळवते, ती एक व्यापारी घरून घेऊन जातो. वडील मिठागरावर जातात. माझं शिक्षण थांबलं नाही. मी पुढच्या वर्गात आलो, मग त्याच्याही पुढच्या. कॉलेजात कुणी विचारलं की कुठला तू, तर मी गावाचं नाव सांगतो, आणि ते विचारतात, कुठल्या स्टेशनाजवळ? मला थोडा वेळ लागतो.

परवा एका वर्गमित्राचं पुस्तक आणायला मी डोंबिवलीला गेलो होतो. काम झाल्यावर पाय बाजाराकडे वळले. ती भिंत मला ठाऊक होती. तिथे एक तरुण बाई बसली होती. मागे, भिंतीला टेकून, एक लहान मुलगी पाटी-पेन्सिल घेऊन नाव लिहीत होती. मी उगीच कोळंबीचा भाव विचारला. ती माझ्याकडे पाहत राहिली.

"तू त्या तलोज्याकडच्या मावशीचा पोर ना?" ती म्हणाली. "तोंडावरून वलकला. कशी हाय रं ती?"

"बरी आहे."

"गाडी थांबते का आता तुमच्याकडं?"

"नाही."

तिनं पैसे घेतले नाहीत. कोळंबी पानात बांधून दिली आणि मान दुसरीकडे वळवली. मी निघालो तेव्हा पाहिलं, ती डोळे पुसत होती, की नुसतं कपाळ, ते मला कळलं नाही.

रविवारी घरी गेलो तेव्हा आईला हे सांगितलं. सांगावं की नाही, यावर बांधावरून चालताना खूप विचार केला होता. ती सुकट निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"पोर केवढी झाली?"

"लिहिते आता."

"बरा झाला." ती निवडत राहिली. बाहेर मीठ ओढण्याचा आवाज येत होता. शेवटी तिनं विचारलं, "खाली काय टाकून बसते ती?"

मला आठवेना. "काही नसावं बहुतेक. जमिनीवरच."

आई चुकचुकली. "त्या जागंला खालून ओल येते. दिसत नाय, पन हाडात जाते. माझी सासू तिथंच आखडली, मी पन. गोनपाट दुहेरी टाकाय पायजे. तिला कुनी सांगितला नसंल."

ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक जाड गोणपाट होतं, स्वच्छ धुतलेलं, चार घड्या घातलेलं. बाजारात ती इतकी वर्षं कशावर बसत होती, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गाडी पुन्हा थांबायला लागली की, हे शब्द त्या दिवशी तिच्या तोंडून एकदाही आले नव्हते.

"तुझी परीक्षा झाली का तिला देऊन ये," ती म्हणाली. "आनि सांग, भिंतीला टेकू नको. भिंत पन वली हाय."

गोणपाट आता इथे आहे, खोलीच्या कोपऱ्यात, माझ्या पुस्तकांवर. मामी म्हणते त्याला वास येतो. शेवटचा पेपर झाला की मी डोंबिवलीला जाणार आहे.